काळी चौकट आणि ‘नाही’चा पुरावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात 1990 च्या दशकात कॅमेऱ्यात जे काही धरले गेले, ते बहुतेक व्हीएचएस कॅसेटवर: लग्ने, भागवत सप्ताह, सारंगखेड्याची यात्रा. अशी कॅसेट आज संगणकात उतरवायची म्हटले की पहिली अडचण लांबीची असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी धावतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये त्या 2 लाख 70 हजार होतात. त्यांतल्या पुष्कळ चौकटी एकाच रंगाने भरलेल्या असतात, कुठे काळ्या, कुठे व्हीसीआरच्या गडद निळ्या, क्वचित पांढऱ्याफेक. एकेक चौकट डोळ्यांनी तपासायला कोणाला सवड नाही. म्हणून एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या साधनाला टर्मिनलवर एका ओळीची आज्ञा दिली जाते आणि ते एकरंगी भागांच्या वेळांची यादी हातात ठेवते. इथवर तक्रारीला जागा नाही. पण पुढची पायरी इतक्या सहज उचलली जाते की ती उचलली हेही लक्षात येत नाही. यादीवर बोट ठेवून म्हटले जाते, ‘इथे काही नाही, कापून टाका.’ यंत्राने एवढेच सांगितलेले असते की चौकट एका रंगाची आहे. ‘काही नाही’ हे कोणी सांगितले? भारतीय दर्शनांनी हजार वर्षे ज्या प्रश्नावर डोके चालवले तो हाच आहे: नसणे कळते ते कशाने?

आधी यंत्राचे म्हणणे नीट ऐकू. एफएफएमपेगमधल्या ब्लॅकडिटेक्ट या गाळणीला आपण वेगळे काही बजावले नाही तर ती तीन आकडे स्वतःचे धरते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पल्ल्याच्या पहिल्या दहा टक्क्यांत जो ठिपका बसेल तो काळा. चौकटीतले 98 टक्के ठिपके असे काळे निघाले तर चौकट काळी. आणि हे सलग दोन सेकंद टिकले तरच त्याची नोंद. आता हिशेब करा. पालच्या चौकटीत 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके असतात. त्यांचे दोन टक्के सुमारे 8,294. एवढे ठिपके लख्ख उजळलेले असले तरी चौकट काळीच ठरते, आणि एवढ्या जागेत 91 ठिपक्यांच्या बाजूचा चौरस मावतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात दुरून टिपलेली समईची ज्योत त्या चौरसात सहज बसते. जिच्यासाठी कॅमेरा गाभाऱ्याच्या दाराशी नेला, तीच वस्तू दोन टक्क्यांच्या सवलतीत निघून गेली. गाळणीची यात चूक नाही. तिला ज्योतीबद्दल कोणी विचारलेच नव्हते. अॅनालॉग फितीवरचा काळा रंग कधीच निखळ नसतो, त्यात कण वळवळत असतात, चौकटीच्या तळाशी व्हीसीआरचे हेड बदलतानाची फाटकी ओळ असते. म्हणून सवलत ठेवावीच लागते. सवलत मोजमापासाठी ठेवलेली असते, आणि आपण तिच्यातून अस्तित्वाचा निवाडा काढतो.

नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले. प्रशस्तपादांच्या यादीत सहाच पदार्थ होते. सातवा म्हणून अभाव पुढे आला आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापर्यंत पक्का झाला. पण त्याला मान्यता देताना त्यांनी एक कडक अट घातली. नुसता अभाव असा नसतोच. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. जमिनीवर घडा नाही, हे वाक्य घड्याचे नाव घेतल्याशिवाय पुरे होत नाही. या कसोटीवर ‘या चौकटीत काही नाही’ हे अर्धवट वाक्य आहे. काय नाही? नवरीचा चेहरा नाही, मान्य. ज्योत नाही? ते तपासलेले नाही. भाट्ट मीमांसकांनी तर अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाणच मानले, आणि त्याच्या दाराशी पहारा बसवला तो योग्यतेचा. वस्तू तिथे असती तर या परिस्थितीत दिसलीच असती, असे म्हणता येत असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असे ठरवायचे. परमाणू दिसत नाही म्हणून नाही असे होत नाही, आणि अंधारात घडा दिसला नाही म्हणून खोलीत घडा नाही असेही म्हणता येत नाही. अंधाराचे हे उदाहरण आपल्या कामाला नेमके लागू पडते. काळी चौकट हा अंधार आहे. जिथे योग्यताच नाही तिथल्या न दिसण्यावर विसंबून आपण कात्री चालवतो.

अंधार म्हणजे तरी काय, यावरही या दोन घराण्यांचे जुने भांडण आहे. नैयायिकांच्या मते तेजाचा अभाव म्हणजे अंधार. नऊ द्रव्ये पुरेत, दहावे नको. भाट्टांना हे पटत नव्हते. अंधाराला काळेपण आहे, तो सरकतो, मग रूप आणि गती असलेली गोष्ट द्रव्य का नाही? शाळकरी विद्यार्थ्यालाही आज नैयायिकांची बाजू बरोबर वाटेल. पण व्हिडिओच्या तारेत डोकावले की भाट्टांचे म्हणणे एकदम गंभीरपणे घ्यावेसे वाटते. तिथे काळा रंग हा काहीच न पाठवण्याचा परिणाम नसतो. तो एक ठरलेला विद्युतदाब असतो आणि तो टिकवून धरावा लागतो. संगणकात उतरल्यावरही 8 बिटच्या नेहमीच्या पद्धतीत काळ्याचा आकडा शून्य नसून 16 असतो. शिवाय प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काळ्याच्याही खाली जाणारा एक ठोका येतो, सेकंदाला 15,625 वेळा. पडद्यावर मिट्ट काळोख असला तरी हा ठोका चालू असतो. म्हणजे तारेवर दोन वेगळ्या गोष्टी संभवतात: अंधार आहे असे सांगणारा संकेत, आणि संकेतच नसणे. पहिली साक्ष आहे, दुसरी साक्षीदाराची गैरहजेरी. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसू शकतात. दिव्याच्या संदर्भात अंधार हा अभाव असेल. फितीच्या संदर्भात तो लिहिलेला मजकूर आहे. मूळ भांडणाचा निकाल यातून लागत नाही. पण कशाचा अभाव हे ठरवल्याशिवाय कशाला अभाव म्हणायचे ते ठरत नाही, हे यातून चांगले उघड होते.

याची उलट बाजू अधिक गमतीची आहे. ज्या फितीवर खरोखर कधीच काही उतरवले नाही ती पडद्यावर कशी दिसते? एकरंगी तर मुळीच नाही. तिथे मुंग्या येतात, चौकटीतला प्रत्येक ठिपका शेजाऱ्याशी संबंध न ठेवता लुकलुकतो. नैयायिकांच्या भाषेत हा चित्रणाचा प्रागभाव, निर्मितीच्या आधीचे नसणे. आणि तोच दिसायला सगळ्यात गजबजलेला. या मुंग्या एफएफव्ही1 सारख्या काही न गाळणाऱ्या पद्धतीने साठवल्या तर मिनिटामागे लग्नाच्या मांडवापेक्षा जास्त जागा खातात, कारण जिथे नियम नाही तिथे संक्षेप करता येत नाही. मुंग्या डोळ्याला खुपतात म्हणून पुढच्या व्हीसीआरमध्ये सोय आली: ठोका सापडत नाही असे दिसले की यंत्र चित्र बंद करून स्वतःचा निळा पडदा टाकते. तो निळा रंग फितीवर कुठेही नसतो. म्हणजे खरे रिकामेपण एकरंगी नव्हते, आणि जे एकरंगी आहे ते कोणीतरी घडवलेले आहे. व्हीसीआरने निळे, कॅप्चर कार्डाने काळे, संकलकाने दोन प्रसंगांमध्ये मुद्दाम घातलेला काळोख, किंवा कॅमेऱ्यावर राहून गेलेले झाकण. एकरंगी चौकट शोधणारे साधन अभाव शोधत नाही. कोणाच्या तरी कृतीचे ठसे शोधते. म्हणूनच सिग्नलस्टॅट्स ही दुसरी गाळणी मला ब्लॅकडिटेक्टपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. ती निवाडा देत नाही. प्रत्येक चौकटीचा उजळपणा किती, सगळ्यात खालचा, वरचा, सरासरी, रंगाचे दोन आकडे, मागच्या चौकटीपासूनचा फरक, एवढे मांडून बाजूला होते. त्या आकड्यांवरून कृतीचा कर्ताही पुष्कळदा ओळखता येतो. सगळे ठिपके तंतोतंत एकाच आकड्याचे आणि पुढची चौकटही तीच, तर तो रंग फितीवरून आलेलाच नाही, संगणकाच्या अलीकडे कुठेतरी बनला आहे. आकड्यांत किंचित थरथर आणि तळाशी हेडची फाटकी ओळ असेल तर तो काळोख फितीवरच उतरवलेला आहे.

आता ज्या चौकटी खरोखर एकरंगी आहेत आणि तरी रिकाम्या नाहीत, त्यांच्याकडे वळू. लग्नात मंगलाष्टके चालू असतात तेव्हा वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असतो. नवरदेवाच्या बाजूने कॅमेरा जवळ नेला की चौकटीत कापडच कापड, मधोमध असलाच तर कुंकवाचा स्वस्तिक. आकड्यांच्या दृष्टीने ही चौकट जवळजवळ सपाट आहे. विधीच्या दृष्टीने सगळ्या लग्नात इतकी भरलेली दुसरी चौकट नाही, कारण न दिसणे हाच तिथला विधी आहे. देवाला नैवेद्य दाखवताना ओढलेल्या पडद्याचेही तेच. तिथे काय नाही असे विचारले तर उत्तर ‘दर्शन नाही’ असे येईल, पण ते नसणे योजलेले आहे, त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, त्याची वाट पाहणारी माणसे आहेत. याच जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी घ्या. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. त्या रात्रीच्या चित्रणात कॅमेऱ्याला उजेड न पुरल्याने मिनिटेच्या मिनिटे काळी गेली असतील, तर ब्लॅकडिटेक्ट ती इमानाने नोंदवेल. पण व्हीएचएसवर आवाज फितीच्या काठावरच्या वेगळ्या पट्टीत असतो आणि ब्लॅकडिटेक्ट फक्त चित्र पाहते. ढोल वाजत असतात. डोळ्याची अनुपलब्धी कानाच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही, हे मीमांसकाला सांगावे लागले नसते. शांततेच्या जागा शोधायला सायलेन्सडिटेक्ट ही वेगळी गाळणी आहे. ती चालवण्याची आठवण होण्यासाठी मात्र आधी तिथे ढोल असू शकतात हे माहीत असावे लागते, आणि ती माहिती चौकटीत नसते.

यावर मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांकडून येणारा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे. अभाव नावाची गोष्टच कशाला हवी, असे ते विचारतात. घडा नसलेली जमीन म्हणजे केवळ जमीन. तिचे ज्ञान झाले की संपले. ‘घडा नाही’ ही बोलण्याची एक रीत आहे. तसे असेल तर काळी चौकट म्हणजे काळी चौकट, तिच्यावर प्रतियोगी आणि योग्यता लादणे हा आपला उपद्व्याप. या मतात तथ्य आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाण्याऐवजी त्याला बळ देते. केवळ अधिकरण कळते आणि पलीकडे काही कळत नाही, असे मानले तर ‘इथे काही नाही’ हा निष्कर्ष कापून टाकण्याचे कारण म्हणून वापरताच येत नाही. कात्री चालवणारा प्राभाकर नसतो. तो नकळत अभाववादीच असतो, पण अभाव मानणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या अटी मात्र पाळत नाही. आणि ‘केवळ जमीन’ यातल्या ‘केवळ’चे काय करायचे हा प्रश्न उरतोच. घड्यासह दिसणारी जमीन आणि केवळ जमीन यांत फरक करताना घडा मागच्या दाराने आत येतो. अंतरपाटाची चौकट आणि कॅमेऱ्यावर झाकण राहिल्याची चौकट, दोन्ही ‘केवळ एकरंगी’; त्यांच्यातला फरक त्यांच्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी सापडणार नाही.

अमृतानुभवात ज्ञानदेवांनी शून्यवाद्याला अडवले आहे ते याच वळणावर. दिवा विझवताना विझवणाराही त्याच्याबरोबर विझला, तर दिवा नाही हे कळणार कोणाला, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचा रोख अर्थात आत्मतत्त्वाकडे होता, असणे आणि नसणे या दोहोंच्या आधी असलेल्या जाणत्याकडे. अद्वैताला कॅसेटच्या दुकानात ओढणे फारसे बरे नव्हे. पण त्या युक्तिवादातला तर्काचा भाग इथे चालतो. नसण्याच्या प्रत्येक विधानामागे एक असणारा उभा असतो. व्हीसीआरचा निळा पडदा हा त्या ‘असणाऱ्या’चा यांत्रिक अवतार म्हणता येईल: संकेत नाही हे सांगायला वीज, यंत्र आणि एक भडक रंग लागतो. फरक असा की व्हीसीआरला फक्त एकाच गोष्टीची अनुपस्थिती कळते, ठोक्याची. त्या बाबतीत त्याची योग्यता निर्विवाद आहे, कारण ठोका असता तर त्याला मिळालाच असता. तेवढ्या मर्यादेत त्याचे ‘नाही’ हे खरोखर प्रमाण आहे. ब्लॅकडिटेक्टची यादी वाचून ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाजवळ मात्र एवढी शिस्तही नसते.

व्यवहारी माणूस म्हणेल, आकडे बदला. दोन टक्क्यांची सवलत अर्ध्या टक्क्यावर आणा, दोन सेकंदांची अट खाली घ्या, ध्वनीची गाळणी जोडा, डाव्याउजव्या काळ्या कडा आधी कापा; आणि उद्या चित्र ओळखणारी प्रणाली अंतरपाटही ओळखेल. हे सगळे करावेच. त्यामुळे चुका कमी होतील. पण अंतरपाट ओळखणाऱ्या प्रणालीला अंतरपाट हा शोधण्याजोगा पदार्थ आहे हे कोणीतरी आधी सांगितलेले असते, म्हणजे प्रतियोगी पुन्हा बाहेरूनच आला. सवलत कितीही आवळली तरी तिने एकसारखेपणाची व्याख्या बदलते. एकसारखेपणाचे रिकामेपण होत नाही. उलट आवळण्याचा तोटाही आहे: अर्ध्या टक्क्यावर ज्योत वाचेल, पण फितीवरचे कण आणि तळाची ओळ यांमुळे खरोखर काळ्या चौकटी यादीतून निसटतील. कोणती चूक परवडते हे आधी ठरवावे लागते आणि ते ठरवणे हा मूल्याचा प्रश्न आहे. लग्नाच्या कॅसेटसाठी एक उत्तर असेल, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या मणिबेलीसारख्या गावाच्या चित्रणासाठी दुसरे. तिथे गावाचा प्रध्वंसाभाव आहे, ज्याला आरंभ असतो पण अंत नसतो. त्या गावातल्या रात्रीची काळी चौकट पुन्हा घेता येणार नाही.

मग काहीच कापायचे नाही का? असे माझे म्हणणे नाही, आणि अभावाचे शास्त्रही तसे सांगत नाही. तीन तासांतली चाळीस मिनिटे व्हीसीआरचा निळा पडदा असेल आणि आकडे त्याची ग्वाही देत असतील, तर घरच्या प्रतीतून तो खुशाल काढावा. ‘इथे फितीवरचा संकेत नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. त्यात प्रतियोगी आहे, अधिकरण आहे, योग्यता आहे. ज्या काळोखात ठोका चालू आहे त्याबद्दल असे पूर्ण वाक्य यंत्राला करता येत नाही. तिथे यादी घेऊन कळसाडीतल्या त्या घरातल्या माणसांकडे जावे लागते, ज्यांना त्या रात्री वीज गेली होती की वरात निघण्याआधी कॅमेरा पिशवीत चालू राहिला होता हे आठवत असेल. त्यांनाही आठवत नसेल तर निवाडा राखून ठेवावा आणि मूळ फाइल हात न लावता जपावी. कापलेल्या प्रतीसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवायला काही खर्च येत नाही: कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत कापले, गाळणीचे आकडे काय होते, आणि तिथे कशाचा अभाव मानला.